दोन चाकांची मोकळीक : पणजी ते काणकोण

पहिला दिवस : पणजी, दिवाडी, नार्वे, साखळी

सकाळी पाटो पूल मागे टाकून आम्ही रायबंदरच्या जुन्या बांधरस्त्याला लागलो, तेव्हा डाव्या हाताला मांडवीवर धुके होते आणि उजवीकडच्या मिठागरांचे बांध नुकते ओळखू येऊ लागले होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्हारिस याच्या काळात, १६३३-३४ मध्ये, जांभ्या दगडात बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता आजही रोजच्या वापरात आहे. दिवस वर आला की तो मोटारींनी भरून जातो. पण पहाटे त्यावर सायकलस्वाराला हवे ते सगळे मिळते. रस्ता सपाट आहे, वारा पाण्यावरून येतो आणि मागून कोणी हॉर्न वाजवत नाही.

सोबत माझा भाचा होता. तो अभियांत्रिकी शिकतो, त्याची ॲल्युमिनियमची सायकल दहा-अकरा किलोची आहे आणि तिच्या प्रत्येक भागाचे वजन त्याला पाठ आहे. माझी सायकल जुनी, पोलादी सांगाड्याची, पण गिअरची. मार्ग ठरवताना मी एकच अट घातली होती, ती म्हणजे महामार्ग शक्य तितका टाळायचा आणि जिथे फेरीबोट आहे तिथे पूल शोधायचा नाही. सायकल या वाहनाने माणसाला नेमकी कोणती मोकळीक दिली आणि आजच्या गोव्यात ती कितपत उरली आहे, हे मला चालत्या चाकावरून पाहायचे होते.

बांधरस्त्यावर पायडल मारता मारता मी भाच्याला कार्ल फॉन ड्राइसची हकिकत सांगितली, कारण सायकलच्या इतिहासाची सुरुवातही अशाच सपाट रस्त्यावर झाली. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहराबाहेर ड्राइसने आपले लाकडी यंत्र चालवून दाखवले. दोन चाके एकामागे एक, मध्ये बसण्याची जागा, पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा; पायडल नव्हते, दोन्ही पायांनी जमीन मागे लोटत जायचे. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, ओट महागले, घोडे पोसणे परवडेना, आणि त्या टंचाईतून ड्राइसला घोड्याविना चालणारे वाहन सुचले असावे, असे काही इतिहासकार मानतात. कारण काहीही असो, दोन चाकांवर तोल सांभाळता येतो ही गोष्ट माणसाला त्या दिवशी उमगली, आणि पुढचे सगळे तिच्यावरच उभे राहिले.

रायबंदरच्या धक्क्यावर दिवाडीला जाणारी फेरीबोट लागलेलीच होती. माणसांना तिकीट नाही. फळी उतरली, दुचाकी आणि मोटारी चढल्या, आणि खलाशाने मला हाताने खूण करत सांगितले, “बाये, सायकल फुडें व्हर.” पुढे, अगदी फळीला टेकून, सायकल लावली की उतरताना सर्वांत आधी उतरता येते. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा पणजी आणि पर्वरी यांना जोडण्यासाठी पुन्हा फेरीबोटींवरच भिस्त ठेवावी लागली होती, हे माझ्या पिढीला नीट आठवते. पूल आल्यावर फेरीबोट गेली की त्या वाटेवरचा सायकलवालाही हळूहळू जातो. दिवाडीसारख्या बेटावर तो अजून दिसतो, याचे श्रेय मी या संथ, सपाट बोटीलाच देते.

दिवाडीत खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या, जमिनींमधून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेते, मधून बांध, आणि खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारी मानस. मोटारीतून ही मानस दिसत नाही, कारण ती रस्त्याच्या पातळीखाली असते आणि तिचा आवाजच आधी येतो. आम्ही उतरलो, लाकडी झडपेतून ओहोटीचे पाणी निघताना पाहिले आणि पुढे निघालो. पियेदादची टेकडी बाजूला ठेवून बेटाच्या उत्तरेला आलो आणि दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरलो. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, देव नदीपलीकडे नार्व्यात आले आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी करवला. आम्हीही नदी ओलांडूनच त्या दारात पोहोचलो होतो, म्हणून सावलीत बराच वेळ बसून राहिलो.

मये आणि डिचोली हा टप्पा मात्र मनापासून त्रासदायक झाला. खाणकाम २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबले होते, त्या काळात या रस्त्यांवर श्वास घेता येत असे. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि रस्त्याच्या कडेला तांबडी धूळ साचू लागली आहे. कडेची ती भुसभुशीत पट्टी हीच सायकलवाल्याच्या वाट्याची जागा, आणि ट्रक आला की त्याच पट्टीत उतरावे लागते.

मुक्काम साखळीला आत्याकडे होता. आत्याचे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. ओसरीच्या कोपऱ्यात तिची लेडीज सायकल अजून उभी आहे. आडवा दांडा नाही, चेनला पूर्ण पत्र्याचे कव्हर आणि मागच्या चाकावर साडीचा पदर अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाळी. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, त्यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि त्या शाळांना शिक्षक हवे होते. आत्याला नेमणूक मिळाली ती डोंगराआडच्या एका वाड्यावर, जिथे बस जात नव्हती.

“घरातून ने-आण करणारं कोणी असतं तरच नोकरी, नाहीतर नाही, असं ठरत आलं होतं,” ती भाच्याला सांगत होती. “भावाच्या सायकलवर मी आधी हाफ पायडल शिकले, दांड्याखालून पाय घालून. मग पहिल्या पगारांतून ही घेतली.”

“आजी, लोक काही बोलले नाहीत?”

“बोलले तर. बोलणाऱ्यांची घरं माझ्या रस्त्यावरच होती, पण मी काही थांबत नव्हते.”

तिच्या सायकलीचा तो वाकवलेला, खाली आलेला दांडा हा इतिहासातला फार मोठा बदल आहे, असे मी मानते. १८७० च्या दशकात जी उंच चाकाची सायकल प्रतिष्ठेची होती, तिचे पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. चाक जितके मोठे तितका वेग अधिक, म्हणून दीड मीटर व्यासापर्यंत चाके गेली. त्यावर चढायला उडी मारावी लागे, पडले की डोक्यावरच पडणे, आणि घोळदार झगा घालून बसणे अशक्य. म्हणजे ते यंत्र तरुण, धडधाकट आणि पैसेवाल्या पुरुषांचे होते. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल आणली, तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि पायडलची ताकद चेनने मागच्या चाकाला जात होती. पाय जमिनीला टेकू लागले आणि सायकल एकदम सगळ्यांची झाली. पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायकांचे कपडेसुद्धा सायकलमुळे बदलले, आणि अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन बी. अँथनी यांनी १८९६ मध्ये एका मुलाखतीत असे मत दिले की स्त्रियांच्या मुक्ततेसाठी जगातल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा सायकलने अधिक केले आहे. साखळीच्या ओसरीवर मला त्यात काहीही अतिशयोक्ती वाटली नाही.

दुसरा दिवस : साखळी, वाळपई, फोंडा

साखळीहून एक रस्ता केरी आणि चोर्ला घाटातून बेळगावकडे जातो. आम्हाला वाळपईकडे वळायचे होते, तरी फाट्यावर थांबून मी भाच्याला बेळगावची गोष्ट सांगितलीच. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव त्या काळात मुंबईत शिकवत असत, तिथून सायकली पाठवत, आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकत व चालवायलाही शिकवत. पुढचे कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आपल्याला पाठ असते. पण मराठी माणसाच्या त्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानापासून झाली, हे फार थोड्यांना आठवते.

तेच १८८८ साल आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे, आणि ती गोष्ट होंडा ओलांडल्यावर आमच्या प्रत्यक्ष कामी आली. भाच्याच्या मागच्या चाकात काटा घुसला. आंब्याच्या सावलीत सायकल उलटी केली, टायरच्या कडेखाली दोन पट्ट्या सरकवून टायर सोडवला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून ती गालाजवळ फिरवली आणि बारीक झुळूक लागली तिथे खूण केली. काचकागदाने घासणे, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत धीर धरणे, ठिगळ दाबणे. जवळच्या घरातले एक आजोबा पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि ठिगळाची कड नीट बसली आहे की नाही हे त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने तपासून पाहिले, तेव्हाच त्यांचे समाधान झाले.

बेलफास्टमध्ये राहणारा स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने अशीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवली होती, परंतु तिला तेव्हा योग्य वाहन मिळाले नाही. डनलॉपच्या टायरने हाडे खिळखिळी करणारा प्रवास सुखाचा केला, पण तो रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर झाल्यास काढता काढता पुरेवाट होई. १८९१ मध्ये मिशलिन बंधूंनी सुटा काढता येणारा टायर आणला, आणि तेव्हापासून सामान्य माणूस रस्त्याच्या कडेला बसून, दोन पट्ट्या आणि एक ठिगळ एवढ्यावर आपले वाहन पुन्हा चालू करू शकतो. सायकलच्या मोकळिकीचा हा भाग मला वेगापेक्षाही मोलाचा वाटतो. ज्याला आपले वाहन स्वतः दुरुस्त करता येते, त्याला घराबाहेर पडताना कोणाचीही हमी लागत नाही.

वाळपईनंतर म्हादई ओलांडून उसगावमार्गे फोंड्याला आलो. रस्ता चढ-उताराचा आणि सावलीचा आहे, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. फोंड्यात पोहोचेपर्यंत माझ्या मागच्या चाकाला आऊट आला होता, म्हणजे ते डुलत फिरत होते, आणि प्रत्येक फेऱ्याला रिम ब्रेकच्या रबराला घासत होती.

बाजारामागच्या गल्लीत एक जुने दुकान सापडले. दुकान म्हणजे पुढे उतरता पत्रा, भिंतीला टांगलेल्या रिमा, ग्रीसच्या डब्यात बुडवलेले छर्रे, आणि पाटावर बसलेले एक वृद्ध मिस्त्री. त्यांनी चाक काढून स्टँडमध्ये अडकवले, फिरवले आणि खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ धरला; जिथे रिम एका बाजूला सरकली होती तिथे पांढरी रेघ उमटली. मग त्या जागेच्या तारा त्यांनी दोन-दोन करून चिमटीत धरून दाबल्या. एक तार सैल लागली. तिचे निपल, म्हणजे रिमजवळची चिमुकली नटासारखी टोपी, पाव फेरा आवळले, समोरच्या बाजूची तार किंचित ढिली केली, चाक पुन्हा फिरवले. असे बराच वेळ चालले. शेवटी त्यांनी पान्याच्या टोकाने सगळ्या तारांवर हलकेच टिचक्या मारत चाक फिरवले, आणि सगळ्या तारांचा आवाज सारखा आला तेव्हाच ते उठले.

“काळ्या सायकलीला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा असायच्या,” ते म्हणाले. “मागे माणूसही असतो आणि पोतंही असतं ना.”

भाच्याला त्या तारांची मांडणी समजावून घ्यायची होती. तारा आसापासून सरळ बाहेर जात नाहीत, त्या आसाला स्पर्श करत तिरक्या जातात आणि एकमेकींना छेदतात. ही तिरकी मांडणी जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये पेटंट केली. रोव्हर काढणाऱ्या जॉनचा तो काका. तारा सरळ असतील तर पायडलचा जोर चाकाला देताना त्या पिळवटतात. तिरक्या असतील तर तोच जोर त्यांना लांबीच्या दिशेने ताणतो, आणि पोलादाची बारीक तार ताण फार मोठा सोसते. दीडशे वर्षांत सायकलचे बाकी सगळे बदलले, पण फोंड्यातल्या मिस्त्रीच्या बोटांखाली होती ती रचना १८७४ चीच होती. त्यांनी मागितलेली मजुरी इतकी कमी होती की मला ती अन्यायाची वाटली, म्हणून मी अधिक दिली. त्यांनी वरचे पैसे परत केले.

तिसरा दिवस : फोंडा, लोटली, मडगाव, बेतूल

बोरीचा उतार आणि जुवारीवरचा पूल हा या सबंध प्रवासातला सर्वांत धोकादायक भाग ठरला. अवजड वाहने वळणावर ओलांडतात आणि सायकलस्वारासाठी कडेला हातभरही जागा नसते. पूल ओलांडून लोटलीच्या आतल्या रस्त्याला लागलो आणि क्षणात सगळे पालटले. जुनी घरे, शिंपल्यांची तावदाने, सावली, आणि दोन्ही बाजूंनी कुंपणापर्यंत आलेली झाडे. दोन रस्त्यांमध्ये एवढा फरक असताना मुलांना सायकलवर शाळेत पाठवायला आईबाप धजत नाहीत, यात त्यांचा दोष नाही.

आपल्याकडे हॉलंडचे उदाहरण देताना लोक म्हणतात की तिथे संस्कृतीच तशी आहे. हे खरे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशानेही रस्ते मोटारींना दिले होते, आणि १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर ४०० हून अधिक मुले मेली. त्यानंतर आईबाप रस्त्यावर बसले, मुलांचे बळी थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या, आणि मग सायकलींसाठी स्वतंत्र वाटा झाल्या. तिथली आजची मोकळीक माणसांनी मागून मिळवलेली आहे. गोव्यात आतले रस्ते अजून शिल्लक आहेत, फेरीबोटी शिल्लक आहेत, गावे एकमेकांपासून सायकलच्या पल्ल्यात आहेत. इथे नव्याने फारसे काही बांधावे न लागता, आहे ते रुंदीकरणापासून वाचवले आणि आतल्या रस्त्यांवरचा वेग आवरला, तरी पुष्कळ साधेल. हे मी मोठ्या आग्रहाने लिहिते आहे, कारण रुंद झालेला रस्ता पुन्हा अरुंद करताना मी कोणाला पाहिलेले नाही.

मडगाव गर्दीमुळे लवकर ओलांडले. बाणावली, वार्का या गावांतून साळ नदीच्या काठाकाठाने असोळण्याला आणि तिथून बेतूलला संध्याकाळी पोहोचलो.

चौथा दिवस : बेतूल, काब द राम, काणकोण

पहाटे रबरी भोंग्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, उभा होता. काळी, डबल बारची सायकल, दांड्यांचे ब्रेक, मागच्या कॅरियरवर बांबूची मोठी पाटी आणि तिच्यावर निळे प्लास्टिक. प्लास्टिक उचलले तशी उंडे या गोल पावांची गरम वाफ आली. उंडे वर, पोळ्या बाजूला, कडक काकणे एका पिशवीत वेगळी. सायकल जड स्टँडवर उभी करायची, पाव मोजून द्यायचे, सुटे पैसे खिशात टाकायचे आणि पुढच्या दारी. भाच्याने त्याला विचारले की पुष्कळांनी मोटारसायकल घेतली, त्याने का नाही घेतली. तो म्हणाला की दर दहा पावलांवर थांबायचे असेल तर इंजिनाचा उपयोग काय, आणि भोंगा ऐकून लोक बाहेर येईपर्यंत तो हळू चाललेलाच बरा.

त्याच्या सायकलीचे वजन वीस-बावीस किलो असेल. ड्राइसचे लाकडी यंत्रही बावीस किलोंच्या आसपास होते. रोव्हरपासून निघालेली ही काळी सायकल स्वातंत्र्यानंतर भारतात मोठ्या संख्येने बनू लागली. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. दूधवाला, टपालवाला, शिक्षक, गिरणीकामगार यांचा देश तिच्यावर चालला, आणि आमच्या गल्लीतला पाव तिच्यावर अजून येतो.

बेतूलनंतर चढ सुरू होतो. रस्ता समुद्राकडून सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जातो, सावली संपते, आणि काब द रामच्या किल्ल्याअलीकडचे काही चढ असे आहेत की शेवटच्या वळणावर पुढचे चाक उचलते की काय असे वाटते. इथे मी भाच्याला गिअरचा हिशेब दाखवला. उंच चाकाच्या सायकलीत दीड मीटर व्यासाचे चाक पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर जाई, ना कमी ना जास्त. माझ्या चाकाचा परीघ सव्वादोन मीटरांहून थोडा कमी आहे. पुढे २८ दातांचे आणि मागे ३४ दातांचे चक्र घेतले की एका फेऱ्यात मी पावणेदोन मीटर चढते, आणि उतारावर ४८ व १४ दातांवर गेले की सात मीटरांहून अधिक जाते. चेनने चाकाचा आकार आणि पायाचा वेग यांची फारकत केली आणि गिअरने ती फारकत चढणाऱ्याच्या हातात दिली. इंग्रज सायकलस्वार अजूनही गिअर इंचांत मोजतात. ते इंच त्या जुन्या उंच चाकाच्या व्यासाचे आहेत. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत मुभा नव्हती, कारण गिअरने शर्यत सोपी होईल असे संयोजकांना वाटे. ज्यांना दुपारच्या उन्हात काब द राम चढायचे नव्हते, त्यांनीच असा नियम केला असणार.

किल्ल्याच्या दारात सायकली लावल्या. सौंदेकर राजांकडून हा किल्ला १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. वनवासात राम-सीता इथे राहिल्याची समजूत आहे, आणि नाव त्यावरूनच. तटावरून दक्षिणेकडे आगोंदपर्यंतचा किनारा दिसतो. भाचा तटावर बसून चढाचे आकडे लिहीत होता. मी दोन तास फक्त समुद्र पाहिला.

आगोंदकडचा उतार हे त्या चढाचे बक्षीस आहे. पायडल थांबवले तरी चाक पुढे जाते, हीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस रुळलेली सोय आहे. त्याआधी उतारावर पायडल स्वतःच गरगर फिरत आणि स्वार पाय वर उचलून बसत. पाळोळ्याला किनाऱ्यावर भाड्याच्या सायकली घेऊन फिरणारे पर्यटक भेटले, आणि काणकोणातल्या चावडी या गावी पोहोचलो तेव्हा बाजार भरात होता. आम्ही दोन्ही सायकली एका ओळखीच्या टेंपोत चढवल्या आणि मडगावमार्गे परत आलो.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे : ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दिवाडी-नार्वे फेरीच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्याव्यात, संध्याकाळवर विसंबू नये. बोरीचा पूल सकाळी सातच्या आत ओलांडावा. ठिगळ, सोल्युशन, पंप आणि एक जादा ट्यूब जवळ असू द्यावी. बेतूल सोडताना पाणी भरून घ्यावे, कारण पुढच्या चढावर ते मिळेलच असे नाही. फोंड्यात चाकाला आऊट आला, तर बाजारामागच्या गल्लीत विचारावे, कोणीही दाखवील.